मुका मार

मुरूम,
१४ जानेवारी १९८७

चि. व्यंकटला आक्काचा जयभीम.

तुझं नव्या वर्षाचं पत्र मिळालं. माणसाच्या कातडीवर उजेड पडला की तो किती न् कसा माघारी येतो, ते तू मशीनवर मोजायलास, अन् त्या आकड्यांवरनं कंप्यूटरच्या पडद्यावर खराखुरा दिसणारा माणूस काढणार हायेस, असं लिवलंस. मी ते फोटू स्टुडिओत पंचाक्षरी मालकाला वाचून दाखवलं. मालक म्हणले, "तेच्यासाठी अमेरिकेला कशाला जायाचं? आमी हिथं रोज माणसं गोरी करतो की!" लई हसलो आमी त्या दिवशी.

आता हसू संपलं. तू तिकडं कातडीचा उजेड मोजायलास अन् हिकडं कातडी सोलायलेत. आपल्या ज्ञानोबाला मारलं.

तुला म्हाईत हाय, यंदा पाऊस न्हाय, रानात काडी न्हाय. सरकारी पेंड अन् चारा येतो तो गावच्या दूध सोसायटीकडं. पहिली गाडी उतरती चेअरमन आण्णासाहेबाच्या गोठ्यात, दुसरी त्येच्या सोयऱ्यांच्या. आपल्या बौद्धवाड्याला झाडलेला भुसा. ज्ञानोबा काय वाईट बोलला? "म्हसरं आमचीबी दूध देतात, आमचाबी एक माणूस कमिटीवर पायजे," एवढंच. अन् निवडणुकीचा अर्ज भरून आला. माघारी घे म्हणून दोनदा निरोप आला. त्येनं घेतला न्हाय.

मग आण्णासाहेबाच्या पोरानं, बब्रुवाननं, त्येला सोसायटीच्या शेडात बोलावलं. चार टाळकी संगं हुती. खांबाला मिठी मारल्यासारखं बांधलं, कुडतं काढलं, अन् कडबा कापायच्या यंत्राचा पट्टा काढून घेतला. रबरी पट्टा रे, चार बोटं रुंद. केशरबाई दूध घालायला गेली हुती, तिनं शेडाच्या मागनं सगळं बघितलं. ती म्हणती, बब्रुवान शांतपणानं सांगत हुता, "रगत काढू नका रे. मुका मार द्या, मुका." मार खाऊन ज्ञानोबाचं तोंड खांबावर आपटत हुतं, तरी तो वरडला न्हाय. शुद्ध गेली तवा सोडला. केशरबाई मला रडत रडत सांगून गेली, पर साक्ष देणार न्हाय म्हणती. तिलाबी लेकरं हायेत.

तालुक्याला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं पाठ बघितली अन् कागदावर लिवलं: मुका मार, किरकोळ, अंगावर खुणा नाहीत. ठाण्यातला जमादार तर हसला. "वळ कुठं हायेत? काळ्या पाठीवर काय दिसणार बाई?" त्येच्या तोंडात किडे पडो! अन् आपला ज्ञानोबा? तो म्हणतो, "म्या बैलगाडीवरनं पडलो." मलाबी तेच, मायलाबी तेच. लघवीला रगत जायलंय अन् म्हणतो पडलो.

म्या म्हणलं, फोटू काढते. एवढी सात-आठ वर्षं मालकाच्या हाताखाली निगेटिवावर पेन्शिल फिरवतेय, माझ्याच भावाचा फोटू काढता येऊ नये का? त्येला एस.टी.नं मुरूमला आणलं, मायबी संगं आली, त्येला स्टुलावर बसवलं, दोन्ही दिवे लावले. प्लेट धुतली अन् बघते तर काय! नवरदेवाची पाठ. एक डाग न्हाय. मला वाटलं माझे डोळे गेले. मग माय कोपऱ्यातनं म्हणती, "चांगला आला का गं? म्या पावडर लावली हुती थोडी."

व्यंकट, मायनं पोराच्या पाठीला पावडर लावली रे. फोटू काढायचा म्हणल्यावर तसंच बसवायचं का, म्हणती. म्या तिच्यावर एवढी वरडले की मालकीणबाई शरणम्मा आतनं पळत आल्या. माय रडली. मग मीबी रडले. पावडर पुसून दुसरा काढला, तर त्यातबी नुस्ती चमक, वळ न्हायतच. उजेडात धरून बघावं तर मला दिसतात. फोटूत येत न्हायत.

आता तू सांग. कातडी मोजतोस ना? तुझं शिक्षण आपल्या कामाचं असंल तर आज सांग, न्हाईतर ते मशीन घाल खड्ड्यात. कोर्टात वळ दिसले न्हाईत तर ज्ञानोबा खरंच पडला असं ठरंल. अन् म्या बब्रुवानचं टाळकं स्टुडिओतल्या कॅमेऱ्याच्या तिकाटण्यानं फोडीन, हे तुला आधीच सांगून ठेवते.

तुझी आक्का,
सत्यभामा


२७ जानेवारी १९८७

प्रिय आक्का, जयभीम.

पत्र वाचलं. दोन दिवस जेवलो नाही. ज्ञानोबादादाला आधी इस्पितळात दाखव. लघवीतून रक्त म्हणजे मूत्रपिंडाला लागलंय. सोलापूरला ने. फोटो नंतर.

आता फोटोचं. नीट वाच, मी घाईत पण विचार करून लिहितोय.

आमच्याकडे एक लोखंडी कमान आहे. तिच्यावर दिवा सरकतो. मधोमध माणसानं हात ठेवायचा. दुसऱ्या बाजूला एक यंत्र हातावरून किती उजेड परत आला ते टिपतं. आमच्या कंप्यूटरनं काढलेली माणसं अजून मेणाची दिसतात, कारण कातडी म्हणजे पत्रा नव्हे. थोडा उजेड वरच्या वर उलटतो, त्याला आपण चमक म्हणतो. बाकीचा आत शिरतो, रक्तामांसातून हिंडतो आणि मग बाहेर येतो. जो आतून आला त्यालाच आतलं काय ते ठाऊक.

पुस्तकांतले सगळे आकडे गोऱ्या माणसांचे. माझा हात कमानीखाली ठेवला तेव्हा सरांचं गणितच कोलमडलं. आपल्या कातडीतून आतला उजेड कमी बाहेर येतो. म्हणून वरची चमक डोळ्यांत भरते आणि आतलं झाकलं जातं. तुमचा जमादार हरामखोर आहे, पण त्याला वळ दिसले नाहीत हे खरंही असू शकतं.

सोबतच्या पाकिटात धुरकट रंगाचे दोन पातळ तुकडे आहेत. त्यातला एक दिव्यासमोर धर, पण दिव्यापासून वीतभर लांब, नाहीतर वितळेल. दुसरा भिंगासमोर लाव आणि हळूहळू फिरव. एका जागी पाठीवरची सगळी चमक जाईल. तिथं थांब. मग वर हिरवी काच लाव, तीही पाठवलीय. हिरव्यात रक्त काळं येतं. डोळ्यांना वळ दिसेनासे झाले असले तरी काढ. आत साकळलेलं लवकर जात नाही. उजेड फार कमी मिळेल, म्हणून दादाला दम धरून बसायला सांग. आणि पाठ आधी साबणानं धू. मायला समजावून सांग, तिच्यावर ओरडू नको.

बब्रुवानचं टाळकं फोडायची भाषा करू नको. फोटो, वकील, कोर्ट, याच वाटेनं जायचं. आपण दोन घाव घातले तर ते वाडा जाळतील, आणि कायदाही त्यांच्याच बाजूनं उभा राहील. तू थोरली आहेस. दादाला सांभाळ.

अक्षर वाकडं आलंय ते चालवून घे. उजवा हात लॅबमध्ये जरा मुरगळला, डाव्यानं लिहितोय.

तुझा,
व्यंकट


मुरूम,
११ फेब्रुवारी १९८७

चि. व्यंकटला जयभीम.

पाकीट आलं. पोस्टानं फोडून पुन्हा चिकटवलं हुतं, पर दोन्ही तुकडे न् काच शाबूत. सोलापूरला नेऊन आणलं. रगत थांबलंय. डॉक्टर म्हणले, आणखी दोन फटके तिथंच बसले असते तर मेला असता.

मधल्या दिवसांत काय काय झालं ते ऐक. आपली कडब्याची गंज पेटवली. भर दुपारी. गंजीला लागून गोठा, त्यात म्हस बांधलेली. माय दावं सोडवायला आत घुसली. म्हस सुटली, पर तिचं अर्धं अंग भाजलं, कातडं लोंबायलं. दोन दिवस हंबरत हुती, मग मेली. मायचे दोन्ही हात मनगटापर्यंत सोलले. वाड्यात चार घरांनी आपापली घागर आणून ओतली, दुष्काळातलं पाणी. अन् बब्रुवान पारावर बसून इडी वढत बघत हुता. कमिटीची निवडणूक पार पडली, आण्णासाहेबाची सगळी माणसं बिनविरोध. ज्ञानोबानं अर्ज माघारी घेतल्याच्या कागदावर अंगठा हाय म्हणं. मारलं तवाच अंगठा उठवून घेतला असंल, त्येला सही येती हे त्या गाढवांना कुठं ठावं!

म्या मायला मुरूमला आणून ठेवलंय. मालकांनी मागची खोली दिली. मालक भितात, पर शरणम्मा भित न्हाईत. त्या म्हणल्या, "ह्या घरात माझं चालतं."

आता फोटू. काल दुकान बंद करून घेतलं. ज्ञानोबाची पाठ साबणानं दोनदा धुतली. माय दारात बसली हुती, हाताला फडकी गुंडाळून. ती नुस्ती म्हणली, "पुस गं, थंडी वाजंल त्येला." पाठ बघितली तर आता मलाबी काय दिसंना. चांगली गुळगुळीत पाठ. मला वाटलं संपलं, उशीर झाला.

काळ्या कापडाखाली डोकं घातलं अन् तुकडा फिरवला. फिरवता फिरवता चमक गेली. अशी गेली की म्या दचकले, वाटलं दिवाच गेला. हिरवी काच लावली. मग ज्ञानोबाला म्हणलं, "दम धर." तो म्हणतो, "म्हाईत हाय मला दम धरायचं."

फोटूचा कागद औषधाच्या ट्रेत टाकला. लाल बल्बात मी न् मालक वाकून बघायलो. आधी खांदा आला. मग काठ. मग आडवा एक काळा पट्टा वर आला. मग दुसरा, त्येच्यावर तिरपा. मग एवढे आले की मोजायचं सोडून दिलं. अन् एका ठिकाणी पट्ट्याच्या जोडाची लोखंडी क्लिप उमटलीय, तिचे दात सुद्धा येगळे दिसतात! सोसायटीच्या यंत्राच्या पट्ट्यालाच तसली क्लिप हाय, आख्खं गाव सांगंल. मालकांच्या हातातला चिमटा पडला. "अय्यो शिवा," म्हणले अन् खालीच बसले.

फोटूची एक प्रत तुला पाठवतेय. वकिलाला दाखवला, तो म्हणाला लई भारी पुरावा, पर ज्ञानोबानं "मला मारलं" असा जबाब दिला पायजे. अन् ज्ञानोबा अजून पडलोच म्हणतो! म्हणून ठरवलंय, बाजारच्या दिवशी तो येणार हाय तवा त्येला हा फोटू दाखवायचा. आपली पाठ कुणाला दिसती का? त्येनं बघितलीच न्हाय. एकदा बघितली की बोलंल.

अन् आता तुझं. मला येडी समजू नकोस, व्यंकट. डोळ्याला दिसेनासा झालेला वळ काचेतनं कसा दिसतो, हे तुला कसं कळलं? पुस्तकातनं? पुस्तकात गोऱ्यांचे आकडे हायेत असं तूच लिवलंस. तुझा हात कुणी मुरगळला?

आक्का


२५ फेब्रुवारी १९८७

आक्का,

तुझ्यापासून काही लपत नाही.

डिसेंबरात, सुट्ट्या लागल्यावर, मी लॅबमधून निघून गाड्या लावायच्या जागेतून चाललो होतो. दोघंजण होते. प्यालेले असावेत. मला काहीतरी म्हणाले, मला पुरतं समजलंही नाही. समजलं एवढंच की माझ्या रंगाबद्दल होतं. मी पुढं गेलो. मग पाठीमागून लोखंडी सळई बसली. मी डोकं वाचवायला हात वर केला आणि सगळं हातावर घेतलं. बर्फावर पडलो तेव्हा लाथा घातल्या. हसत होते, आक्का. खेळ खेळावा तसे.

मी पोलिसांकडे गेलो नाही. शिष्यवृत्ती सरकारची, काही लफडं झालं तर माघारी पाठवतील. सरांना सांगितलं, बर्फावर घसरलो. हो, दादासारखंच. तुझं पत्र वाचताना त्या ओळीवर मी पत्र मिटून ठेवलं होतं.

महिनाभरानं हात वरून बरा दिसू लागला म्हणून कमानीखाली ठेवला. आकडे चुकीचे यायला लागले. सरांना वाटलं यंत्र बिघडलं. मग मी ते धुरकट तुकडे आणि हिरवी काच लावून बघितलं, आणि पडद्यावर माझ्या हातावर सळईच्या रेघा उभ्या राहिल्या. सर खूष झाले. "किती सुंदर आलंय हे!" म्हणाले. त्यांना कळलंही नाही ते काय बघतायत. चांगला माणूस आहे. त्या क्षणी मला त्यांचं डोकं कमानीवर आपटावंसं वाटलं.

हे सगळं लिहितोय ते एका कारणासाठी. आक्का, दादाला तो फोटो दाखवू नको. हात जोडतो. मार बसतो तेव्हा माणूस तो दिसू देत नाही, स्वतःलासुद्धा. म्हणून तर जगतो. मी माझा हात पडद्यावर बघितला त्या संध्याकाळी दुकानातून मटण कापायची सुरी आणली आणि त्या गाड्यांच्या जागेत जाऊन उभा राहिलो. दुसऱ्या दिवशीही. पुढचा आख्खा आठवडा. ते दोघं आले नाहीत म्हणून मी आज तुला पत्र लिहितोय. आले असते तर तुरुंगातून लिहिलं असतं. मी, ज्याला तू लहानपणी "मुंगीला भिणारा" म्हणायचीस.

दादा माझ्यासारखा नाही. त्याला बब्रुवान रोज दिसतो. फोटो वकिलाकडे दे, कोर्टात दे, जबाब तू दे, केशरबाईच्या पाया पड. पण दादाला दाखवू नको. हे पत्र वेळेत पोचू दे.

व्यंकट


मुरूम,
१० मार्च १९८७

व्यंकट,

तुझं पत्र काल आलं. उशीर झाला रे.

बाजारच्या दिवशी ज्ञानोबा आला. मायला भेटला, तिच्या हाताची फडकी बदलली. मग म्या फोटू त्येच्या हातात दिला. त्येनं आधी उलटा धरला. म्हणला, "काय हाय हे, नांगरल्यालं रान?" म्या म्हणलं, तुझी पाठ. तो लई येळ बघत बसला. बोटानं एक एक वळ चाचपला, फोटूवरच. मग म्हणला, "लई लागलं हुतं की गं, आक्का." अन् रडला. मारलं तवा रडला न्हवता, सोलापूरला सुई टोचली तवा रडला न्हवता. मला वाटलं बरं झालं, निचरा झाला. त्येनं दोन भाकरी खाल्ल्या, मायच्या पाया पडला, "उद्या जबाब देतो" म्हणला अन् शेवटच्या गाडीनं गेला. मला एवढं बरं वाटलं हुतं की म्या मालकाला च्या पाजला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दूध घालायच्या येळेला, तो सोसायटीत गेला. ऊस तोडायचा कोयता घेऊन. लपवला न्हाय, हातातच धरला हुता. रांगेत पंधरा-वीस माणसं. बब्रुवान दुधाचं माप घेऊन बसला हुता. ज्ञानोबानं त्येला हाक मारली, तोंडावर, नावानं. बब्रुवान उठला अन् शिवी दिली. ज्ञानोबानं पहिला घाव उजव्या हातावर घातला. कोपराखाली. हात मापासकट दुधात पडला. दुसरा घाव खांद्यावर बसला, हाडात अडकला. तिसरा घालायला कोयता निघंना, म्हणून त्येनं पाय लावून वढला. मग माणसांनी धरलं. केशरबाई सांगती, दूध सगळं लाल झालं अन् शेडातनं वढ्यासारखं वाहात बाहेर आलं. ज्ञानोबा पोलीस येईस्तवर पायरीवर बसला हुता. कुणाची जवळ जायाची छाती झाली न्हाय.

बब्रुवान वाचला. हात गेला.

दुपारी त्यांची माणसं वाड्यावर आली. आपलं घर पहिलं पेटवलं, मग शेजारची. कडूबाई मावशीच्या डोक्यात दगड घातला, ती अजून सोलापूरला हाय, डोळा गेला. पोरीबाळी रानात पळाल्या. ठाण्यात ज्ञानोबाला उलटा टांगून मारलं. म्या भेटायला गेले तर तो वळखू येईना. ह्या बारीला रगत बी काढलं हुतं.

तू म्हणला हुतास तसंच झालं सगळं. पर तुझं पत्र यायच्या आधी झालं. म्या दाखवला फोटू. म्या. दुसरं कुणी न्हाय. तुला काय बोलायचं ते बोल.

अन् आता नवीनच. आण्णासाहेबाच्या वकिलाला फोटूचं कळलंय. त्येला तो कोर्टात पायजे! म्हणतो, ह्यावरनं सिद्ध हुतं की आरोपीनं सूड घ्यायचा म्हणून ठरवून वार केला. अन् आपला वकील म्हणतो, बाई, फोटू हुताच न्हाय म्हणा, निगेटिव्ह गायब करा. अचानक भांडण झालं, रागाच्या भरात घाव बसला, असं म्हणू, शिक्षा कमी हुईल. म्हंजे ज्या फोटूनं बब्रुवान जेलात जायाचा, त्येच फोटूनं आता ज्ञानोबा जातोय. निगेटिव्ह माझ्याकडं हाय. मालक म्हणतात, तुझा भाऊ, तूच ठरीव.

आक्का


२४ मार्च १९८७

आक्का,

जाळ. आजच जाळ. निगेटिव्ह, प्रती, सगळं. माझ्याकडची प्रत मी पत्र वाचल्या वाचल्या जाळली. ते दोन तुकडे आणि काचही फोडून टाक.

तुझी काही चूक नाही. काच मी पाठवली. इथं बसून, हीटरच्या उबेत, मोठ्या हुशारीनं लिहून कळवलं: अशी धर, तशी फिरव. मला वाटलं, एकदा दिसलं की झालं. न्याय म्हणजे जणू दिव्याचं बटण. कडूमावशीचा डोळा माझ्या हुशारीनं गेला.

वकील सांगतो ते ऐक. फोटो नव्हताच. दादा गाडीवरून पडला होता. नंतर भांडण झालं. तीन-चार वर्षांत सुटून येईल. फोटो पुढं आला तर दहा होतील. माय तेवढी जगेल का? खरं-खोटं नंतर बघू. आधी दादाला बाहेर काढ.

मी काम सोडायचा विचार करतोय. पडद्यावर हात बघवत नाही.

व्यंकट


मुरूम,
२० एप्रिल १९८७

चि. व्यंकटला आक्काचा जयभीम.

म्या जाळलं न्हाय. रागाव, काय बी कर.

काडी पेटवली हुती, खोटं का बोलू? निगेटिव्ह हातात, काडी हातात. मग मनात आलं, हे जळलं तर काय उरतं? एक येडा म्हार सकाळी कोयता घेऊन आला अन् चेअरमनच्या पोराचा हात तोडून गेला, कारण काय तर काय न्हाय. पेपरात तसंच छापलंय. असं उरू देऊ? काडीनं बोट भाजलं तवा फुंकली.

पर भाऊ माझा असला तरी पाठ त्येची हाय. म्हणून जेलात जाऊन त्येलाच इचारलं. जाळीच्या पल्याड उभा हुता, दाढी वाढलेली, एक कान फुटलेला. म्या सगळं सांगितलं: फोटू ठेवला तर इतकी वर्षं, जाळला तर इतकी. त्येनं ऐकून घेतलं. म्हणला, "तू कोर्टात आण. बाकी माझं म्या बघतो." वकिलाला सांगितलं तर तो कागद आपटून म्हणला, "मग मला कशाला घेतलंत?" पर सोडून गेला न्हाय.

म्या फोटू मोठा केला. मालकाकडं हुता तेवढ्या मोठ्या कागदावर, दोन हात लांब. पेन्शिल लावली न्हाय, कुठं गोरं केलं न्हाय. शरणम्मांनी त्येला पुठ्ठा चिकटवला, अन् एस.टी.त उभा धरून नेला. कंडक्टर म्हणला, देवाचा फोटू हाय का? शरणम्मा म्हणल्या, "होय, गप तिकीट फाड."

परवा तारीख हुती. बब्रुवान आला हुता, रिकामी बाही खिशात खोचून, बापाच्या आधारानं. तोंड पांढरंफटक. मला वाटलं हुतं त्येला बघून गार वाटंल. न्हाय वाटलं. त्येच्या वकिलानं फोटू बघितला, त्यो मोठा बघून जरा गडबडला. मग शाना झाला अन् म्हणला, "साहेब, सूडाचा पुरावा म्हणून हा आम्हालाच पाहिजे. पण मारल्याचा पुरावा म्हणून मात्र ही बनवाबनवी आहे. आरोपीची पाठ प्रत्यक्ष बघा." मला हसू आलं. एकाच फोटूला खरा बी म्हणायचं अन् खोटा बी.

जजसाहेबांनी ज्ञानोबाला कुडतं काढायला लावलं. त्येनं काढलं अन् पाठ फिरवली. काय न्हाय रे. ठाण्यात मारलं ते पायावर न् तोंडावर. पाठ साफ. कोर्टात सगळी कुजबुज झाली, आण्णासाहेबाची माणसं खिदळली. मायनं डोळ्याला पदर लावला.

म्या उभी राहिले. कुणी इचारलं न्हवतं, शिपाई म्हणला बसा. म्या म्हणलं, "साहेब, फोटू म्या काढलाय, मला इचारा." साहेब तरणे हायेत, चष्मा लावतात. म्हणले, बोला. म्या तुझे दोन्ही तुकडे पिशवीतनं काढले अन् त्यांच्या टेबलावर ठेवले. म्हणलं, एकावर एक ठेवून खिडकीकडं धरा, अन् एक फिरवा. त्यांनी फिरवला. उजेड गेला. पुन्हा फिरवला, आला. म्या सांगितलं, "कातडीच्या वरनं जी चमक येती ती ह्यानं अशी जाती, साहेब. मग आतनं येणारा उजेड तेवढा ऱ्हातो. आत रगत साकळलेलं हुतं, ते आलं. म्या काय काढलं न्हाय, काय घातलं न्हाय." साहेबांनी तुकडे फिरवत फिरवत फोटू बघितला, मग पाठ बघितली, मग पुन्हा फोटू. क्लिपच्या दातांवर बोट ठेवून इचारलं, हे काय? म्या सांगितलं. मग मागनं केशरबाई उठली. बोलावल्याबिगर आली हुती, लेकरू कडेवर. म्हणली, "व्हय साहेब. सोसायटीच्या यंत्राचा पट्टा. म्या बघितलं." आण्णासाहेबानं मान वळवून तिच्याकडं रोखून बघितलं. ती बसली न्हाय.

आपला वकील ज्ञानोबाच्या कानात काय तरी सांगायला गेला, अचानक भांडण झालं म्हण, असंच असणार. ज्ञानोबानं त्येला हातानं बाजूला सारलं. कुडतं अजून घातलं न्हवतं. साहेबांकडं तोंड करून म्हणला, "साहेब, म्या त्येला मारलं. ठरवून मारलं, रातभर कोयता घासला. अन् त्येनं मला मारलं, चौघांनी बांधून. म्या पडलो असं सांगितलं ते खोटं हुतं. दोन्ही लिवा. एकच लिवणार असाल तर काय बी लिवू नका."

वकिलानं कपाळाला हात लावला. दहा वर्षं हुतील, मला ठावं हाय. तुझं गणित बरोबर हुतं.

साहेबांनी फोटू पुन्हा एकदा जवळ वढला. मग कारकुनाकडं बघून म्हणले, "दोन्ही लिहा."

व्यंकट, त्येनं दोन्ही लिवलं. म्या पुढं वाकून बघितलं.

तुझी आक्का,
सत्यभामा